मदत हवी आहे : शाळकरी मुलीने सायकल रस्त्याच्या कडेने चालवावी की कडेपासून आत?

सर्व सायकलस्वारांना नमस्कार.

आमची मुलगी यंदा आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेला रिक्षाऐवजी सायकलने जाण्याचा तिचा आग्रह आहे आणि माझाही त्याला मनापासून पाठिंबा आहे. आम्ही साताऱ्यात कोडोलीच्या बाजूला राहतो आणि शाळा पोवई नाक्याच्या पलीकडे आहे, म्हणजे तिला रोज अजंठा चौकात महामार्गाच्या उड्डाणपुलाखालून पलीकडे जाऊन गोडोलीमार्गे पुढे जावे लागेल. सायकल तिच्या उंचीला योग्य आहे, दोन्ही ब्रेक उत्तम लागतात आणि कॉलनीतील रस्त्यांवर तिचा हात चांगला बसलेला आहे. माझे अडते ते एवढ्यावरच, की या रस्त्यावर तिची नेमकी जागा कोणती, हे मला तिला ठामपणे सांगता येत नाही.

घरातील ज्येष्ठ मंडळी एकमुखाने सांगतात, की सायकलने डांबराच्या अगदी कडेला चिकटून जावे आणि मोठ्या वाहनांच्या वाटेत येऊ नये. त्यामागची काळजी मला समजते. परंतु शाळेच्या वेळेला मी स्वतः सायकलने हा रस्ता जाऊन पाहिला, तेव्हा सर्वांत अवघड गोष्टी कडेलाच आढळल्या. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात ठिकठिकाणी चार-चार बोटांची उतरण आहे, पावसाळ्यात वाहून आलेली खडी आणि वाळू तेथेच साचलेली आहे, आणि एकदा चाक खाली उतरले की ते तिरके करून पुन्हा वर चढवताना तोल जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. उभ्या मोटारींची दारे कडेला उघडतात, वडापच्या जीपा प्रवासी दिसताच कडेला घुसतात आणि पुढच्या दुभाजकापर्यंत जाण्याचे टाळणारे दुचाकीस्वार विरुद्ध दिशेने येतात तेही कडेनेच. शिवाय सायकल कडेला चिकटलेली दिसली, की समोरून वाहन येत असतानाही त्या दोघांच्या मधून गाडी काढण्याचा मोह मागच्या चालकाला होतो, आणि ती गाडी हातभरही अंतर न ठेवता शेजारून निघून जाते. मी कडेपासून थोडी आत राहिले, तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न अवश्य वाजवले, पण बहुतेक चालक वेग कमी करून, पूर्ण उजवीकडे जाऊन पुढे गेले. मात्र मोठ्या माणसाला जे जमते ते तेरा वर्षांच्या मुलीकडून, मागून हॉर्न वाजत असताना, अपेक्षिणे योग्य आहे का, याविषयी माझा निर्णय होत नाही.

अजंठा चौकात हा प्रश्न आणखी बिकट होतो. तिला पुलाखालून सरळ गोडोलीकडे जायचे असते आणि तिच्या मागून येणारी कित्येक वाहने कराडच्या दिशेने सेवा रस्त्याला डावीकडे वळतात. ती डाव्या कडेला असेल, तर वळणारे वाहन तिला ओलांडून लगेच तिच्याच समोर आडवे येते.

त्यात आता गाळप हंगाम सुरू होईल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतील, आणि त्यांतील अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, असला तरी तो उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्यांच्या पानांनी, झाकलेला असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शिकवणीहून परतताना तिला अंधार होणारच. या ट्रॅक्टरजवळ तिने कसे वागावे, हे ज्यांना प्रत्यक्ष माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. रिक्षाच चालू ठेवावी, हा पर्याय आम्हाला ठाऊक आहे. येथे मला सायकल सुरक्षितपणे चालवण्याविषयीच मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद : वेण्णाकाठ

ताई, आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ते केवळ आपल्या रस्त्यापुरते नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तेथील वाहतूक नियमावलीत, २०२२ साली जे बदल झाले, त्यांत सायकलस्वारांना स्पष्ट सांगितले आहे, की शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत आणि चौकाजवळ येताना लेनच्या मध्यभागी राहावे, आणि वेगवान वाहतुकीच्या गजबजलेल्या रस्त्यावरही कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहावे. उभ्या मोटारींच्या बाजूने जाताना एका दाराएवढे, म्हणजे सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, असेही त्यात आहे. चालकांनी ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, अशी त्याला जोडून सूचना आहे. आपल्याकडचे चालक हे अंतर आपणहून सोडतील असे मानता येत नाही; म्हणून कडेचा अर्धा-पाऊण मीटर मुलीने स्वतःसाठी राखून ठेवणे अधिकच महत्त्वाचे ठरते. एखादे वाहन फारच जवळून आले, तर तिला डावीकडे सरकण्यासाठी तेवढीच जागा शिल्लक असते. कडेला आधीच चिकटलेल्या सायकलला सरकायला साइडपट्टीखेरीज काही उरत नाही.

मात्र आत राहण्याइतकेच एका सरळ रेषेत राहणे आवश्यक आहे. मोकळी जागा दिसली की कडेला जायचे आणि उभी मोटार आली की एकदम बाहेर यायचे, ही नागमोडी चाल सर्वांत घातक आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला १६ ते १७ मीटर पुढे सरकते, आणि चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला सेकंद-दीड सेकंद लागतोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ती सुमारे १७ ते २५ मीटर पुढे आलेली असते. अचानक बाहेर आलेल्या सायकलसाठी तिच्यापाशी अंतरच उरत नाही.

यासाठी मुलीला एक कौशल्य मैदानावर पक्के करून द्यावे. सरळ रेषेत चालवत असताना उजव्या खांद्यावरून मागे पाहायचे आणि हँडल किंचितही वळू द्यायचे नाही. जमिनीवर खडूने रेघ आखून, आपण मागे उभे राहून बोटे दाखवावीत आणि तिने मागे पाहून ती मोजून सांगावीत. हे सहज जमू लागले, की उजवा हात दाखवून जागा घेणे शिकवावे. ज्या मुलाला मागे पाहता येत नाही, त्याला मी मुख्य रस्त्यावर सोडणार नाही, मग तो कितीही वेगाने सायकल चालवत असो.

अजंठा चौकात हेच कामी येईल. चौकाच्या बरेच आधी मागे पाहून, हात दाखवून तिने लेनच्या मध्यावर यावे आणि पुलाखालून तशीच सरळ जावी. डावीकडे वळणाऱ्याला मग तिच्या मागेच थांबावे लागते. गर्दी फार असेल किंवा तिला भीती वाटली, तर उतरून सायकल हाताने ढकलत चौक ओलांडावा, आणि त्यात कमीपणा नाही हे आपणच तिला आधी सांगून ठेवावे.

प्रतिसाद : शिवारातला (सांगली)

नमस्कार ताई. मी वाळवा तालुक्यातील आहे आणि आमच्या घरी ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे, म्हणून चालकाच्या जागेवरून काय दिसते ते लिहितो. ट्रॉली भरली, की उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरपेक्षा बाहेर येतात आणि मागचे काहीही दिसत नाही. आरसे असून नसल्यासारखे होतात. इंजिनाच्या आवाजात सायकलची घंटी ऐकू येणे शक्य नाही, आणि गाणी लावलेली असतील तर मोटारीचा हॉर्नही ऐकू येत नाही. आपल्याला चालक दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे मुलीने गृहीतच धरावे.

वळणावर ट्रॅक्टर ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने ट्रॉल्या जात नाहीत. पहिली ट्रॉली आतल्या बाजूला सरकते आणि दुसरी त्याहून अधिक सरकते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला मोकळी दिसणारी जागा काही क्षणांत पूर्ण बंद होते. तेथे कधीही शिरू नये, ट्रॅक्टर थांबलेला असला तरीसुद्धा. चढावर भरलेली ट्रॉली थांबवली, तर पुन्हा उचलणे अवघड असते, त्यामुळे चालक चढावर शक्यतो थांबत नाही. मुलीने चढावर त्याच्या पुढे जाऊन मग दमून हळू होणे टाळावे. ट्रॅक्टर मागून येत असेल, तर कडेला उतरून त्याला पूर्ण जाऊ द्यावे, आणि दुसरी ट्रॉली गेल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा निघावे. पहिली ट्रॉली गेली की संपले, असे समजून अनेक जण रस्त्यावर येतात. मागे राहायचे तर भरपूर अंतर ठेवावे, कारण गतिरोधकावर ऊस खाली पडतो आणि गोल कांड्यावर सायकलचे चाक टिकत नाही.

रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांविषयी आपले म्हणणे खरे आहे. आम्ही लाल रिफ्लेक्टर पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला खाली लावतो, म्हणजे वाढे त्यावर येत नाहीत. प्रत्येकाने हे करायला हवे.

प्रतिसाद : पायंडल

दोन गोष्टींची भर घालतो. दुकानात सायकलसाठीही कधीकधी मोटारसायकलचे हेल्मेट सुचवले जाते. ते जड असते आणि त्यात वारा खेळत नाही, म्हणून मुले ते काढून टाकतात. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ ही युरोपीय मानकाची खूण पाहून घ्यावी, ते भुवयांच्या वर दोन बोटे बसावे, आणि एकदा जोरात आपटले की बाहेरून चांगले दिसत असले तरी बदलावे. दुसरे, मागे लाल दिवा हवाच, पण पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. वरखाली हलणारे ते दोन ठिपके पाहताच समोर सायकल आहे हे चालकाला दुरून कळते. दप्तर लांब असेल तर ते मागचा दिवा झाकते, हेही मागून उभे राहून तपासा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या ट्रॉलीविषयीची माहिती मला कोठेच मिळाली नसती. खडूच्या रेघेचा सराव आम्ही या रविवारीच सुरू करतो, आणि तो पक्का झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मी तिच्या मागे, थोडी उजवीकडे राहून सोबत जाईन. एकच शंका उरते. शाळेच्या फाटकासमोर सकाळी मुलांना सोडणाऱ्या मोटारी आणि व्हॅन दुहेरी रांगेत उभ्या असतात आणि दोन्ही बाजूंची दारे एकाच वेळी उघडतात. तेथे एक मीटर अंतर ठेवायला जागाच नाही.

प्रतिसाद : वेण्णाकाठ

तेथे तिने सायकल चालवू नये. रांग सुरू होण्यापूर्वीच उतरावे आणि पदपथावरून चालत फाटकापर्यंत जावे. आपण इतर पालकांसह मुख्याध्यापकांना भेटून, सायकलने येणाऱ्या मुलांसाठी शाळेचे दुसरे फाटक सकाळी उघडे ठेवण्याची लेखी विनंती करावी. असे फाटक बहुतेक शाळांना असते आणि ते बंदच असते.