कंदाला डोळा आहे का ते आधी बघा

ताई, डेलियाचे कंद लावून रोज पाणी घालता तरी कोंब नाही म्हणता, तर आधी पाणी थांबवा आणि हलकेच उकरून बघा. डेलियाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, जुन्या खोडाला चिकटलेल्या मानेवर असतो. मान तुटलेला कंद कितीही टणक दिसला तरी फुटत नाही. डोळा असेल तर कोंब वर येईपर्यंत माती जेमतेम ओलसर पुरे. आपली नागपूरची काळी माती पाणी धरून ठेवते, कंद सडतो. वाळू आणि शेणखत मिसळाच.

कंदाऐवजी बियांपासून झाडं करायची असतील तर बी ऑक्टोबरात पेरा, थंडीत फुलं येतील. रंग मूळ झाडासारखाच निघेल असं नाही, आणि मला तीच गंमत फार आवडते! आवडलेल्या झाडाचे कंद ऊन तापायच्या आत काढून कोरड्या वाळूत ठेवा.