मंगळावरचा रविवार कसा ठरवायचा? (नाताळ अंकासाठी विज्ञानकथा)

शाहूपुरीकर:
तरुण संघाच्या नाताळ अंकासाठी कथा लिहितोय. मंगळावर चाळीस माणसांची वसाहत, त्यातली अकरा आपल्या कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चची. तीन ठिकाणी अडलोय. रविवार पृथ्वीचा धरायचा की मंगळाचा? ईस्टर पौर्णिमेवर ठरतो, मग आपला चंद्रच नसलेल्या ग्रहावर काय करायचं? आणि पाळकसाहेब कोल्हापुरातून व्हिडिओवर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, देऊ शकतील का? नारळीकरांच्या जन्मगावात गणित चुकलेलं कोणी खपवून घेणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

सोलमोजणी:
आधी आकडे. मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. रोजची ही चाळीसेक मिनिटं साठत गेली की ३७ व्या सोलपर्यंत पृथ्वीचा एक अख्खा वार पुढे निघून जातो, आणि सुमारे २५५ सोलांत पूर्ण आठवडा. मंगळाचं वर्ष ६६८.६ सोलांचं, म्हणजे पृथ्वीचे ६८७ दिवस. तेवढ्यात कोल्हापुरात ९८ रविवार होतात आणि सात-सात सोल मोजणाऱ्यांचे ९५.

'पृथ्वीचाच रविवार पाळू' असं पात्रांनी ठरवलं तर नियम नेमका लिहा. उदाहरणार्थ, कोल्हापुरात रविवारी सकाळचे नऊ ज्या सोलमध्ये वाजतात, तो सोल उपासनेचा. इथे लेखक हमखास फसतात. त्यांना वाटतं फक्त उपासनेची वेळ सरकेल. प्रत्यक्षात पृथ्वीचे सात दिवस म्हणजे ६.८१ सोल, त्यामुळे दर पाचेक आठवड्यांनी एक आठवडा सहाच सोलांचा येतो. ऑक्सिजन प्लँटच्या ड्युटीचा तक्ता कोलमडतो. 'सहा दिवस श्रम कर' म्हणणाऱ्या बायबलच्या आज्ञेला त्या आठवड्यात पाचच सोल मिळतात. कथेतलं भांडण इथून सुरू करा, आयतं आहे.

जुना_प्रश्नोत्तरी:
गणित पटलं, पण भांडणाला तत्त्वाचं बूड हवं, नाहीतर ती नुसती टाइमटेबलची कटकट होईल.

प्रेस्बिटेरियन माणसं आहेत, म्हणजे वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र, त्यांच्या पंथाच्या श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, त्यांच्या हाताशी असणार. त्याच्या २१ व्या अध्यायाचं सातवं कलम काढा. उपासनेसाठी ठरावीक वेळ राखून ठेवणं हा तिथे निसर्गनियम मानलाय. सातातला एक दिवस ही मात्र देवाने वचनात स्पष्ट दिलेली आज्ञा. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसही शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत नैतिक आणि विधीचा असे दोन भाग पाडतो. म्हणजे एक पात्र म्हणेल, 'सातातला एक महत्त्वाचा, मग सात सोल का नकोत?' दुसरं म्हणेल, 'सगळी मंडळी ज्या दिवशी जमते तोच प्रभूचा दिवस.' दोघांनाही बळ सारखंच द्या. एकाला अडाणी केलंत की कथा मेली.

हे काल्पनिकही नाही. सामोआने वेळेचा पट्टा बदलताना ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार कॅलेंडरमधून गाळला. तिथल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या, लोकांत फूट पडली: काही नव्या शनिवारी जमू लागले, काही नव्या रविवारी, कारण त्यांच्या मोजणीने सातवा दिवस तोच. पृथ्वीवर हे झालं, मंगळावर का होणार नाही?

एक विनंती. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग पहिले तीन दिवस कसले, हा प्रश्न धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकातच हाताळलाय. त्यावरून 'एक दिवस म्हणजे इतकी कोटी वर्षं' असला हिशेब कोणाच्या तोंडी घालू नका. बिग बँगचा पाया घालणारा लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्या सिद्धांताचा आधार निर्मितीसाठी घेतला, ते त्याला रुचलं नव्हतं.

सोलमोजणी:
ईस्टरचं सोपं आहे, चंद्र लागतच नाही. चर्चची पौर्णिमा आकाशात बघून ठरत नाही, १९ वर्षांच्या चक्राच्या तक्त्यावरून ठरते. २०२६ ला १९ ने भागा, बाकी १२ उरते, त्यात एक मिळवा: १३. तक्त्यात १३ समोर २ एप्रिल. त्यानंतरचा पहिला रविवार ५ एप्रिल, झाला ईस्टर. हे मंगळावर कागद-पेन्सिलीने जमतं. मंगळाचा चंद्र फोबोस धरून नवा तक्ता करायचा मोह टाळा. तो पावणेआठ तासांत एक फेरी मारतो, पौर्णिमांचा नुसता पाऊस पडेल.

वडीलमंडळ:
प्रभुभोजनाचं अवघड आहे. मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटं. पाळकांनी प्रार्थना म्हटली आणि तिकडून 'आमेन' आलं, तर ते कानावर पडेपर्यंत ६ ते ४४ मिनिटं गेलेली. शिवाय वेस्टमिन्स्टरचा २९ वा अध्याय सांगतो की त्या वेळी मंडळीत हजर नसलेल्यांना भाकर आणि प्याला द्यायचा नाही. आता स्क्रीनवरचा माणूस हजर की गैरहजर? लोक बझ ऑल्ड्रिनचं उदाहरण देतात. तो प्रेस्बिटेरियन चर्चचा वडील (एल्डर, मंडळीचा कारभार पाहणारा) होता आणि २० जुलै १९६९ ला यानाबाहेर पडण्याआधी त्याने चंद्रावर भाकर आणि द्राक्षारस घेतला. पण सोबत रीतसर दीक्षा झालेला पाळक नव्हता, त्यामुळे तुमच्या पात्रांना तो दाखला पुरणार नाही.

माझ्या मते अकरातल्या एकाला निघण्याआधीच पाळकाची दीक्षा द्या. दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याआड जातो आणि साधारण दोन आठवडे संपर्क बंद पडतो. कोल्हापूरच्या व्हिडिओवर सगळी भिस्त ठेवली असेल तर तेवढे दिवस उपासनाच नाही.

शाहूपुरीकर:
दीक्षा द्यायचीच, पण पृथ्वी सोडल्यावर त्याचं मत बदलतं असं करतो. पाळक सात सोलवाला, बाकी दहा कोल्हापूरच्या नऊवाले. सूर्याआडचे दोन आठवडे लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आणले तर तारखांना बाध येईल का?

सोलमोजणी:
येत नाही, फक्त वर्ष जपून निवडा. युती, म्हणजे मंगळाचं सूर्याआड जाणं, दर वेळी वेगळ्या महिन्यात येते.