खात्याची अॅडव्हायझरी म्हणजे कायदा होते का?

इतवारीवाला:
राजेहो, एक विचारायचं होतं. आपला सावजी मसाला अन् संत्रा बर्फीचा छोटा धंदा आहे, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर परवा जुंपली, एकजण म्हणे खात्याच्या वेबसाइटवर अॅडव्हायझरी आली म्हणजे आला कायदा, दुसरा म्हणे तो नुसता सल्ला, मानला तर मानला. खरं काय आहे? खात्याला मनात येईल तो नियम काढता येते का?

कोर्टाची पायरी:
नाही येत. तुझ्याच लाइनीतली केस आहे भाऊ. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मे २०१३ मध्ये अॅडव्हायझरी काढून प्रॉडक्ट अप्रूव्हल (माल विकायच्या आधी मंजुरी) सक्तीचं केलं होतं, २०१४ ला मुंबई हायकोर्ट म्हणालं याला कायद्याचं बळ नाही, ऑगस्ट २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम ९२ वाच, रेग्युलेशन, म्हणजे बंधनकारक नियम, करायचं तर आधी मसुदा जाहीर करा, केंद्राची मंजुरी घ्या, आणि ९३ प्रमाणे संसदेपुढे ठेवा. तुझ्या धंद्याच्या हक्कावर, म्हणजे घटनेच्या कलम १९(१)(जी) वर, बंधन घालायचं तर ते कायद्यानेच घालावं लागतं, पीडीएफ टाकून नाही.

सीताबर्डीकर:
बरोबर आहे पण कोर्टाच्या तारखा कोण भरणार बाप्पा? मॅगीवर जून २०१५ ला बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली कारण कंपनीचं म्हणणं नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. आपला बर्फीचा डबा तेवढे दिवस टिकते का?

चहा_आणि_चर्चा:
आणि गॅझेटमध्ये रीतसर छापलेलं रेग्युलेशनही पडू शकतं. ट्रायने (टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी संस्था) कॉल ड्रॉपला, म्हणजे मधेच तुटलेल्या कॉलला, १ रुपया भरपाई लावली होती, दिवसाला जास्तीत जास्त ३, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मनमानी म्हणून उडवली. (ग्राहक म्हणून मला तेव्हा लई राग आला होता.) बँकांनी क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नये या आरबीआयच्या सर्क्युलरची गंमत वेगळीच, २०२० ला कोर्ट म्हणालं अधिकार आहे तुम्हाला, पण बँकांचं काय नुकसान झालं ते दाखवलं नाही, मग एवढी टोकाची बंदी काहून?

इतवारीवाला:
म्हणजे दुसरा जिंकला. अॅडव्हायझरी गेली कचऱ्यात.

कोर्टाची पायरी:
अरे थांब थांब, कचऱ्यात नको टाकू. ती गॅझेटमधल्या (सरकारी राजपत्रातल्या) रेग्युलेशनचाच खुलासा करत असेल तर मूळ रेग्युलेशन लागूच आहे, तिथे फसशील. लेखी विचार कोणत्या कलमाखाली काढली म्हणून, अन् पोच घे. लायसन्सच अडकलं तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज आहे, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ सिव्हिल लाइन्सलाच आहे.

सीताबर्डीकर:
जाताना बर्फी घेऊन ये.