मदत हवी आहे: ट्विचवर ड्रॉप क्लेम झाला, गेममध्ये मात्र पत्ता नाही

हरिपूरची हळद

नमस्कार मंडळी. गेमिंगवाले कुणी जागे असाल तर जरा बघा.

ट्विचवर (लोक गेम खेळताना लाइव्ह दाखवतात ती साइट) एका गेमची ड्रॉप्सची, म्हणजे स्ट्रीम पाहिल्याबद्दल गेममधली बक्षिसं द्यायची, मोहीम चालू आहे. ठरावीक चॅनेलचं लाइव्ह स्ट्रीम चार तास पाहिलं की बंदुकीची स्किन (तिचं नवं रंगरूप), आणि ती क्लेम केल्यावर, म्हणजे बटण दाबून मागून घेतल्यावर, पुढचे चार तास पाहिलं की पाठीवरची बॅग. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की इथे 'तो गेमच भिकार आहे' यावर धागा वाहत जातो, अनुभव आहे.

पहिले चार तास झाले. बार शंभर टक्के भरला. ट्विचच्या इन्व्हेंटरीच्या (मिळालेल्या मालाच्या) पानावर क्लेम दाबलं, ते चित्र खाली मिळालेल्या बक्षिसांच्या रांगेत जाऊन बसलं. सेटिंग्जमधल्या कनेक्शन्समध्ये गेमही जोडलेला दिसतोय. आणि गेम उघडून बंदुकीवर जावं तर स्किनवर राखाडी कुलूप. गेम बंद-चालू केला, पीसी रीस्टार्ट केला, स्टीममधून (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) फाइल्स व्हेरिफाय करून घेतल्या. कुलूप जिथल्या तिथे.

माहितीसाठी: विंडोजचा पीसी (मूळ दादाचा, तो पुण्याला नोकरीला गेल्यापासून माझ्या ताब्यात), क्रोम, घरी फायबर. स्ट्रीम थोडं पीसीवर आणि थोडं फोनच्या ॲपमध्ये पाहिलंय. मिरजेला लॅबमध्ये कामाला आहे. रात्रपाळी असली की जेवायच्या सुट्टीत फोन डब्याला टेकवून ठेवते आणि खाली पोळीभाजी चालू. मध्ये एकदा लाइट गेली तेव्हा राउटरही बसला होता. त्यामुळे काही गडबड झाली असेल का?

मोहीम रविवारी संपते म्हणतात. त्याआधी उलगडा झाला तर बरं.

भडंगवाला

भावा, ॲडब्लॉकर लावलायस काय? तो काढ आधी. माझा बार त्याच्यामुळंच हलत नव्हता. काढला आणि पळायला लागला की.

हरिपूरची हळद

भावा नाही, ताई. आणि बार भरलाय हो, क्लेमही झालाय. अडलंय ते त्याच्या पुढे.

भडंगवाला

आयला, सॉरी ताई. मग कॅशे साफ करून बघा.

टेक्नोतात्या

कॅशे साफ करून काही होणार नाही. ताई, आधी एक गोष्ट बाजूला काढू. लाइट, राउटर, फोन की पीसी, हे सगळं पाहण्याच्या टप्प्यातलं. क्लेम झाला म्हणजे तो टप्पा पार पडला. थोडं इथे, थोडं तिथे पाहिलं तरी बिघडत नाही, कारण मिनिटं ट्विचच्या खात्यावर जमा होतात, यंत्रावर नाही.

ज्यांचा बारच हलत नाही त्यांची कारणं निराळी. तीन-तीन स्ट्रीम एकदम उघडून बसलं तरी मिनिटं एकाचीच धरतात. स्ट्रीमवर ड्रॉप्स चालू असल्याची खूण नसते. मोहीम ठरावीक चॅनेलपुरती असते आणि आपण भलतंच लावून बसतो. किंवा स्ट्रीमर गेम सोडून नुसत्या गप्पांच्या कॅटेगरीत जातो, आपण ऐकत राहतो आणि मीटर थांबलेला असतो. जुने रेकॉर्डेड व्हिडिओ तर धरतच नाहीत. पण तुमचं दुखणं यातलं नाही.

क्लेम दाबल्यावर ट्विचकडून गेमवाल्यांकडे एवढाच निरोप जातो की अमुक ट्विच आयडीला अमुक बक्षीस द्यायचंय. आता त्या ट्विच आयडीमागे गेमचं कुठलं खातं आहे, ही नोंद गेमवाल्यांच्या वहीत असते आणि माल तिथल्या पत्त्यावर पडतो. ट्विचच्या कनेक्शन्सच्या पानावर जोडणी आहे एवढं कळतं. ती नेमकी कुणाच्या खात्याशी आहे हे तिथे बघायला मिळेलच असं नाही. म्हणून गेमवाल्यांच्या स्वतःच्या ड्रॉप्सच्या पानावर लॉग-इन करा. बहुतेक ठिकाणी ट्विचचं आणि स्टीमचं अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. नावावर जाऊ नका, नाव कुणीही कधीही बदलतो. स्टीमचा १७ आकडी आयडी असतो, ७६५६ ने सुरू होणारा. तो जुळतो का बघा.

शिवाय माल कुठे उतरतो हेही गेमगणिक बदलतं. रस्ट या गेमचे ड्रॉप्स स्टीमच्या इन्व्हेंटरीत येतात. टार्कोव्ह या गेममध्ये आतल्या मेसेंजरवर निरोप येतो, त्यातून ते उचलून घ्यावे लागतात. न उघडता 'आलंच नाही' म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. आणि काही गेम सावकाश देतात. क्लेमला दिवसही उलटला नसेल तर थोडं थांबा.

हरिपूरची हळद

दिवस उलटून गेलाय तात्या. मेसेज, मेल, इन्व्हेंटरी सगळं चाळून झालं. आयडी बघायचं डोक्यात आलं नव्हतं. घरी गेल्यावर बघते.

पोवईनाका

साताऱ्याहून हजेरी. २०२० च्या एप्रिलमध्ये व्हॅलोरंट या गेमच्या बंद बीटाची (निवडक लोकांनाच मिळणाऱ्या चाचणी आवृत्तीची) दारं अशीच ट्विच ड्रॉप्सनी उघडत होती. तेव्हा ठरावीक तास भरले की हमखास मिळायचं असलं काही नव्हतं, दोन तास पाहिलं की फक्त सोडतीत नाव. लॉकडाऊन, काम नाही, मी रात्रंदिवस स्ट्रीम लावून बसायचो. बीटा युरोप-अमेरिकेकडे होता, भारत त्यात नव्हता, आणि तरीही बसायचो. जूनमध्ये गेम सगळ्यांना फुकटच मिळाला.

असो. ताई, तुम्ही फोनच्या डेटावर बघत असाल तर एक सांगतो. १०८०पी स्ट्रीम ६००० केबीपीएसच्या आसपास असतं. गुणाकार करा, तासाला २.७ जीबी. दीड-दोन जीबीचा रोजचा पॅक पाऊण तासात गार. क्वालिटी १६०पी वर आणली की तासाला शंभर-सव्वाशे एमबीत भागतं आणि मिनिटं तेवढीच मोजली जातात. आवाज नको असेल तर मी प्लेअर म्यूट न करता ब्राउझरचा टॅब म्यूट करतो. लोक म्हणतात प्लेअर म्यूट केला की अडतं. खरंखोटं करत कोण बसतंय.

रात्रपाळी_००७

एवढं डोकं कशाला लावताय? ड्रॉप मायनर म्हणून प्रोग्रॅम मिळतो, गिटहबवर आहे. व्हिडिओ न उघडताच तास भरतो, क्लेम पण आपोआप. मी झोपतो, तो कमावतो.

टेक्नोतात्या

त्यांचं दुखणं क्लेमनंतरचं आहे, तिथे तुझा मायनर काय करणार? आणि तो प्रोग्रॅम तुझ्या खात्याचा लॉग-इन टोकन घेऊन बसतो, म्हणजे घराची किल्लीच त्याच्याकडे. न बघता बघितल्याचं दाखवणं नियमात बसत नाही ते वेगळंच. एका स्किनसाठी खातं घालवायचं असेल तर खुशाल.

अण्णा६२

मध्येच विचारतो, राग मानू नका. हे ऑनलाइन गेम सरकारनं बंद केले ना? आमचा नातू पण दिवसभर हेच बघत असतो. पोरं पैसे लावतात की काय, धास्ती वाटते.

पोवईनाका

अण्णा, ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंद झाले ते पैसे लावून खेळायचे. पैसे भरा, जिंका, काढून घ्या, तसले. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यानं मान्यता दिलीय. या ड्रॉप्समध्ये पैसा कुठेच नाही. दुसऱ्याचा खेळ बघायचा आणि गेमच्या आत एखादा रंगीत कपडा मिळवायचा. वेळ जातो, तो मात्र भरपूर जातो. नातवाला एकदा शेजारी बसून विचारा काय बघतो ते, आवडीनं सांगेल.

हरिपूरची हळद

तात्या, एक मिनिट. आयडीचं बघायच्या आत वेगळंच उपटलंय. मी गेमच्या डिस्कॉर्डवर (त्यांच्या चॅट ग्रुपवर) हाच प्रश्न टाकला होता. तिथे एकाचा खाजगी मेसेज आला: 'मी सपोर्ट टीमचा. तुमचा ड्रॉप अडकलाय, या लिंकवर स्टीमनं लॉग-इन करा, दहा मिनिटांत सोडवतो.' लोगो-बिगो सगळं बरोबर. खरा असेल का?

टेक्नोतात्या

नाही. अजिबात दाबू नका.

खरा सपोर्ट स्वतःहून खाजगीत येत नाही, आपण तिकीट टाकायचं असतं. त्या लिंकवर जी स्टीमची खिडकी उघडते ती बऱ्याचदा पानावर काढलेलं नुसतं चित्र असतं. वरच्या पट्टीत पत्तासुद्धा खरा लिहिलेला. ओळखायची सोपी युक्ती: ती खिडकी माउसनं धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा. खरी असेल तर बाहेर येते, खोटी पानाच्या कडेला अडते. पण तुम्ही तेवढंही करू नका, सरळ रिपोर्ट करा आणि ब्लॉक. स्टीम गार्डचा (लॉग-इनला लागणारा) कोड तर कुणी देव जरी मागायला आला तरी द्यायचा नाही.

भडंगवाला

माझ्या मित्राचं अस्संच गेलं ओ ताई. गेममधला चाकू होता चांगला इन्व्हेंटरीत. सकाळी बघतोय तर सगळं रिकामं.

टेक्नोतात्या

तसं झालं तर आधी दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचा आणि स्टीममधून सगळीकडचं लॉग-इन तोडायचं. बँकेचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, त्यात उशीर नको.

हरिपूरची हळद

ब्लॉक केला. आणि सापडलं!

गेमवाल्यांच्या पानावर ट्विचचं नाव माझं, खालचा १७ आकडी नंबर दादाचा. पीसीवरच्या क्रोममध्ये त्याचं स्टीम कधीपासून लॉग-इन होतं. खाती जोडताना स्टीमचं पान येतं ना, त्यावर आधीच लॉग-इन असलेल्याचं नाव बारीक अक्षरात आणि खाली साइन इनचं मोठं बटण. स्टीमचं ॲप्लिकेशन माझ्या खात्यावर, ब्राउझर दादाच्या. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नसतो हे आज कळलं.

दादाला फोन केला. त्यानं त्याच्या लॅपटॉपवर गेम उघडला, स्किन तिथे. गेले कित्येक महिने त्यानं तो गेम उघडलेला नाही आणि आता म्हणतोय, 'राहू दे की, छान दिसतीय.'

आता ती इकडे आणता येईल का?

टेक्नोतात्या

जवळजवळ नाहीच. असली बक्षिसं बहुतेक खात्याला बांधलेली असतात, ना विकता येत ना देता येत. त्याच ट्विच खात्यावरून तोच ड्रॉप याच मोहिमेत दुसऱ्यांदा मिळणारही नाही. तिकीट टाकून बघा, दोन्ही स्टीम आयडी आणि क्लेमचा स्क्रीनशॉट जोडा. काही ठिकाणी मेहेरबानी करतात.

मला काळजी आहे ती बॅगेची. दुसरा ड्रॉप कुठवर आलाय? भरला असला तरी क्लेम दाबू नका. क्रम असा ठेवा: क्रोममध्ये स्टीमच्या साइटवरून दादाला लॉग-आउट करा, तुमच्या खात्यानं आत जा, मग गेमवाल्यांच्या पानावर जुनी जोडणी तोडून नवी करा, आणि आयडी तुमचाच आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच क्लेम. तोडण्याआधी तिथले नियम वाचा. काही गेममध्ये एकदा तोडलं की पुन्हा जोडायला दिवस जाऊ द्यावे लागतात.

आणि रविवारचं काय म्हणालात? कुणाचा रविवार? घोषणेत वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असेल तर तिकडच्या रविवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सोमवार दुपारचे साडेबारा, थंडीत दीड. ट्विचच्या मोहिमांच्या पानावर भारतीय वेळ दिसते, जीएमटी+५:३० असं लिहून. तीच धरा.

हरिपूरची हळद

बॅग निम्म्यावर आहे. वेळ बघितली: सोमवार दुपारी साडेबाराच! म्हणजे अजून एक रात्रपाळी हाताशी आहे. जोडणी बदलली, वाट बघावी लागली नाही. आता नंबर माझा आहे, दोनदा ताडून पाहिला.

भडंगवाला

नाद खुळा. दादाकडून स्किनच्या बदल्यात काहीतरी वसूल करा ताई, सोडू नका.

हरिपूरची हळद

अपडेट: बॅग आली. क्लेम करून गेम परत उघडला तर समोरच. तिकिटाला उत्तर आलं, स्किन हलवता येत नाही. दादानं येताना नवा हेडसेट आणायचं कबूल केलंय, तेव्हा तक्रार नाही. तात्या, मनापासून आभार. शीर्षकात 'सुटला' टाकते.

अण्णा६२

पोवईनाका साहेब, नातवाशेजारी बसलो. तो फ्री फायर मॅक्सचं स्ट्रीम बघतो. त्यात मोठ्या अक्षरांचा कोड दाखवतात, तो साइटवर टाकायला गेला की त्याला लॉग-इनच करता येत नाही. त्याचंही असंच खात्याचं असेल का?

पोवईनाका

तो गेस्ट म्हणून खेळत असेल, अण्णा. गेस्ट खात्यावर तिथे कोड चालत नाही. गेमच्या सेटिंग्जमधून खातं फेसबुक किंवा गूगलला जोडून घ्या, कुणाच्या नावावर जोडताय ते घरात आधी ठरवा, आणि मग कोड टाका. कोडला मुदत असते, जुना असेल तर चालणार नाही. आणि साइट त्या गेमचीच आहे ना ते बघा. स्ट्रीमखालच्या कमेंटमधली लिंक उघडू नका.