टार्पलीला माज नडला म्हणे!

डेक्कनचा_गार्ड : काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "रॉय टार्पलीला माज नडला, हळहळायचं काय त्यात?" वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर. टार्पली म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला खेळाडू. १९८६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलसच्या संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. १९८८ला एनबीएचा सर्वोत्तम बदली खेळाडू तोच, आणि त्याच हंगामात लेकर्स संघाला मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत रडवणाऱ्या डॅलस संघातही तोच. १९९१ला ड्रग्जचा नियम तिसऱ्यांदा मोडला, हकालपट्टी झाली. ठीक. ग्रीसमध्ये खेळून १९९४ला परत आला. आणि डिसेंबर १९९५ला कायमचा बाहेर कशामुळे? दारूमुळे! जी सामन्याला आलेले लोक स्टँडमध्ये बसून ढोसत होते, ती. २०१५ला वयाच्या पन्नाशीत गेला. माज म्हणे.

पेठेतला : महाशय मीच. दारू बंद ही अट मान्य करूनच परत आला होता ना? त्याच ड्राफ्टमधला लेन बायस, दुसऱ्या क्रमांकाचा, निवड झाल्यावर दोन दिवसांत कोकेनने मेला. तिसऱ्या क्रमांकाच्या वॉशबर्नवर १९८९ला बंदी. एवढं डोळ्यांसमोर घडूनही अक्कल येत नसेल तर जागा दुसऱ्याला द्या. बाकावर बसून आयुष्य काढलेल्यांसाठी कोणी धागे काढत नाही. मी बसलोय, आंतरमहाविद्यालयीनला.

अनुजा_कु : आलं का तुमचं बाकपुराण! ज्या साली तो ड्राफ्ट झाला त्याच साली अवचट दांपत्याने आपल्या पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे हे या गावाला तरी नव्याने सांगावं लागू नये. माझा मामा चार वर्षं कोरडा होता, मग एका लग्नात स्लिप झाली. आजीने दार लावलं नाही, म्हणून आज नातवाला शाळेत सोडतो. एनबीएच्याच ख्रिस अँडरसनवर २००६ला ड्रग्जमुळे बंदी आली, २००८ला परत घेतलं, २०१३ला मायामीकडून विजेता झाला.

पेठेतला : मामांना नमस्कार. पण मामांना कोणी कोट्यवधी डॉलर देत नव्हतं.

बालेवाडीकर : एवढं लांब कशाला जाता? आपला बास्केटबॉलपटू सतनाम सिंग. २०१५ला डॅलसनेच निवडला, २०२०ला डोपिंगसाठी दोन वर्षं बंदी. एकाच माळेचे मणी.

डेक्कनचा_गार्ड : काहीही! त्याच्या नमुन्यात हायजेनामिन हे खेळात बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. ते सप्लिमेंटांतही असतं. कोकेनशी काय संबंध?

बालेवाडीकर : संबंध डब्याचा आहे साहेब. माझा मुलगा अकरावीत. कोचने पावडर आणायला लावली, दुकानही त्यांनीच सांगितलेलं. डबा बघितला तर मूळ लेबलवर आयातदाराचं स्टिकर, बरोबर घटकांच्या यादीवर चिकटवलेलं. नखाने खरवडलं तर खालचा कागदच फाटून आला. कोचला विचारलं तर म्हणे, "काका, सगळेच घेतात."

अनुजा_कु : आणि तुम्ही देताय अजून?

बालेवाडीकर : बंद केली. तर पोरगं बोलत नाही माझ्याशी.

पेठेतला : कोच लोकांचं कमिशन हा खरा विषय आहे. आमच्या वेळी केळी आणि उकडलेली अंडी...

अनुजा_कु : झालं सुरू, आमच्या वेळी.

पेठेतला : ताई, तुम्ही प्रत्येक ठिकाणी मामा आणता तेव्हा मी काही बोलतो का?

डेक्कनचा_गार्ड : धागा टार्पलीचा आहे! फेब्रुवारी २०२४ला कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोन) या ड्रगचा कारखाना सापडला तेव्हा 'माज' हा शब्द कोणाला उद्देशून वापरला होतात तेवढं सांगा.

पेठेतला : विकणाऱ्यांना. बरं, घ्या : दारूवरून आयुष्यभराची बंदी जास्तच झाली. वर्षभर बसवायला हवा होता. खूश? आता हार घालू का त्याच्या फोटोला?

डेक्कनचा_गार्ड : एवढं काल लिहिलं असतंत तर माझा रविवार वाचला असता.

पेठेतला : @बालेवाडीकर, डबा फेकला नसेल तर बॅच नंबरचा फोटो टाका. माझा भाचाही बहुतेक त्याच दुकानातून आणतो.