मदत हवी आहे: बहिणीला कोरी-सुटसुटीत पत्रिका हवी, बाबांना सगळी नावं हवीत

करवली_सातारा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, साताऱ्यालाच. पत्रिकेचं खातं माझ्या गळ्यात आलंय आणि घरात सरळ दोन पक्ष पडलेत.

बहिणीने फोनवर शंभर नमुने साठवून ठेवलेत. सगळ्यांचा सूर एकच: फिकट पिस्ता किंवा मातकट गेरूचा रंग, हातकागदासारखा खरखरीत पोत, मधोमध फक्त दोघांची नावं, तारीख आणि कार्यालय. वर ट्रेसिंग पेपरचं पारदर्शक आवरण, त्याला दोरा आणि लाखेचं सील. बाकी सगळी जागा मोकळी. बाबा ती पाहून म्हणाले, "छान आहे. पत्रिका कुठाय?"

बाबा-काकांच्या पत्रिकेत वर गणपती, खाली कुलस्वामिनी प्रसन्न, मग "आमचे येथे श्रीकृपेकरून", दोन्हीकडचे आजी-आजोबा, आजोळची मंडळी, निमंत्रक, व्यवस्थापक आणि शेवटी "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिल्लीपिल्ली. "समस्त परिवार" लिहून मोकळं व्हावं असं मी सुचवलं, तर काकांनी कोणकोण रुसेल त्याची यादीच ऐकवली. ती यादी निमंत्रकांच्या यादीपेक्षा मोठी होती.

मुलाकडचे डोंबिवलीचे. त्यांचं म्हणणं, छापायचीच कशाला, व्हॉट्सॲपवर पाठवू.

आम्हाला साडेतीनशे पत्रिका लागतील, एका पत्रिकेमागे पन्नास रुपयांच्या आसपास खर्च चालेल. दोन्ही पक्ष सांभाळणारा काही मार्ग आहे का? आणि सध्या जे चाललंय त्यातलं प्रत्यक्षात छापून आल्यावर चांगलं काय दिसतं, फक्त फोटोत चांगलं काय दिसतं?

अजून एक. डिझायनरने पाठवलेल्या नमुन्यात "श्री"चा र सुटा पडलाय आणि "कृपेकरून"मधल्या "कृ"चा पाय पुढच्या अक्षराखाली गेलाय. तो म्हणतो, छापताना नीट येईल. येतं का?

---

गिरगावकर

नाही येत. पडद्यावर तुटलंय ते कागदावर तुटूनच येणार.

मुंबईला कोणी येणार असेल तर कांदेवाडीत, म्हणजे खाडिलकर रोडवर, एक दुपार काढा. पत्रिकांच्या दुकानांची रांगच आहे. फोटो पाहून कागद ठरवू नका, हातात घेऊन ठरवा.

---

शाईवाला

ताई, माझा छापखाना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे सोनेरी फॉइल. सध्या दहातल्या आठ गिऱ्हाइकांना तीच हवी असते. फॉइल म्हणजे शाई नव्हे. अक्षरांचा धातूचा ब्लॉक तापवून त्याच्या दाबाने चकचकीत पापुद्रा कागदावर चिकटवतात. मोठी अक्षरं, गणपती, किनार यांना उत्तम. पण बारीक देवनागरी फॉइलमध्ये गेली की भ आणि ध यांच्या गाठी भरून बुजतात, अनुस्वाराचा ठिपका उडतो. "कां."चा "का." झालेला चालेल, पण आडनावावरचा अनुस्वार उडाला तर तुम्हाला फोन येतील. तेव्हा फॉइलमध्ये फक्त दोघांची नावं. बाकी मजकूर साध्या गडद शाईत.

दुसरं, खरखरीत कागद. हातकागद दिसतो सुंदर, पण त्यावर फॉइल खळग्यांत उतरत नाही, मधेमधे पांढरं राहतं. डिजिटल छपाईची पूड अशा कागदाला घट्ट धरत नाही, घडीवर तडकते. त्यावर स्क्रीन प्रिंटिंगच शोभतं, कारण जाळीतून शाई जाड बसते. साडेतीनशेच्या संख्येला ते परवडतंही. ऑफसेटला प्लेटचा खर्च असतो, तो हजार-दोन हजारांवर निघाला तर बरा.

आता तुमच्या भांडणाचा तोडगा. एक पत्रिका करू नका, दोन पानं करा. बाहेरचं जाड पान बहिणीचं: दोन नावं, तारीख, स्थळ, मोकळी जागा. आत सुटं पातळ पान, त्याला आम्ही इन्सर्ट म्हणतो, ते बाबांचं. त्यात कुलस्वामिनीपासून चिल्लीपिल्लीपर्यंत सगळे. हे आतलं पान एका रंगात साध्या कागदावर छापलं तर खर्च फार वाढत नाही. नातेवाइकांच्या पाकिटात दोन्ही जातील, ऑफिसच्या पाकिटात आतलं पान नाही गेलं तरी चालतं. माझ्याकडच्या बऱ्याच घरांत या पानाने तह घडवलाय.

ट्रेसिंग पेपरचं आवरण डिसेंबरात ठीक. पावसाळी हवेत तो कागद गोळा होतो. मात्र त्याला डिंक लावू देऊ नका, डाग आरपार दिसतो. दोराच बांधा.

लाखेचं सील हाताने द्यायच्या पत्रिकांपुरतं ठेवा. टपालात किंवा कुरिअरच्या थैलीत दाबलं जाऊन त्याचा चुरा होतो. बाजारात मागे चिकटपट्टी असलेली लवचिक तयार सीलं मिळतात, ती त्या मानाने टिकतात. पण पाकिटाला फुगवटा येतो आणि वजन वाढतं, टपालाचा वीस ग्रॅमचा टप्पा ओलांडला की पुढचं तिकीट. एक पत्रिका पाकिटासकट वजन करून बघा, मग ठरवा.

बियांच्या कागदाचं कोणी सुचवेलच. कल्पना गोड आहे. छपाईला तो कागद फार त्रास देतो, शाई पसरते.

---

टंकप्रेमी

"श्री"चा र सुटा पडतो तो डिझायनरचा दोष नाही म्हणता यायचं, पण तो त्याला दुरुस्त करता आलाच पाहिजे. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये "वर्ल्ड-रेडी" कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं अशीच सुटी पडतात. तो निवडायला सांगा. दुसरं कारण, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर नव्या फाइलमध्ये डकवलेला असतो. तसं असेल तर सरळ नव्याने टाइप करून घ्या. सगळं जागेवर बसलं की अक्षरांच्या आउटलाइन करून पीडीएफ द्यायची, म्हणजे छापखान्यात फॉन्ट नसला तरी काही हलत नाही.

फॉन्टबद्दल बोललं नाही तर मला झोप लागणार नाही. इंग्रजी नावांसाठी वळणदार लपेटी फॉन्ट निवडतात आणि मराठीसाठी कॉम्प्युटरवर आधीपासून असलेला कुठलाही. मग एकाच पत्रिकेत एक जण शेरवानीत आणि दुसरा बनियनवर आल्यासारखं दिसतं. गूगल फॉन्ट्सवर फुकट चांगले पर्याय आहेत. मजकुरासाठी "तिरो देवनागरी मराठी" पाहा. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. "चि. सौ. कां."च्या पुढे नावात ल किंवा श असेल तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. नावं ठसठशीत हवी असतील तर "रोझा वन", अगदीच साधं हवं तर "मुक्ता".

आणि जमलं तर दोन नावांपुरतं फॉन्ट सोडून हाताने लिहून घ्या. सुलेखन करणारी मुलंमुली आता गावोगावी आहेत. हल्ली काही जण नावं मोडीतही लिहून घेतात. झोकदार दिसतं, पण खाली देवनागरीत लिहा, नाहीतर नवरदेव कोण ते कुणालाच कळणार नाही.

---

आण्णा_मिरज

व्हॉट्सॲपवर आलेलं निमंत्रण मी निमंत्रण धरत नाही. पहिली पत्रिका देवाला, मग घरी येऊन अक्षत. बाकी तुमचं चालू द्या.

---

डोंबिवली_फास्ट

आण्णा, मान्य, पण डोंबिवलीहून घाटकोपरला अक्षत द्यायला जायचं म्हणजे रविवार गेला. मुलाकडच्यांचंही ऐका थोडं.

ई-पत्रिका करणारच असाल तर दोन गोष्टी. ती साध्या चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात पाठवा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल (उघडली की फोनवर ॲप बसवणारी) पाठवून फोनमधली माहिती आणि पैसे लांबवण्याचे प्रकार झालेत, पोलिसांनीही त्याबद्दल सावध केलंय. त्यामुळे अनोळखी नंबरवरून आलेली पत्रिका लोक आता उघडत नाहीत. ज्या नातेवाइकाचा नंबर सगळ्यांकडे आहे त्याच्याच फोनवरून जाऊ द्या.

दुसरं, छापील पत्रिकेवर कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड टाकणार असाल तर तो सोनेरी करू नका. चमकतो आणि स्कॅन होत नाही. फिक्या कागदावर काळा, निदान दोन सेंटिमीटरचा, भोवती कोरी जागा सोडून. फुकट साइटवर "डायनॅमिक" कोड, म्हणजे त्या साइटमार्फत उघडणारा, बनवू नका. त्यांची मुदत संपली की लग्नाच्या दिवशी कोड उघडतो आणि पैसे भरा म्हणतो. नकाशाची लिंक थेट कोडमध्ये घाला.

---

मावशी_नागपूर

डिझाइनचं झालं, मजकुराचं कोणी बोललंच नाही.

आमच्याकडच्या पत्रिकेवर "मंगल परिणय" असतं, वर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेब. पुतणीच्या वेळी मुलांनी मागच्या बाजूला संविधानाची उद्देशिका छापली. मोठ्यांना आधी वाटलं जास्त होतंय, पण लोकांनी पत्रिका जपून ठेवल्या. नक्षी कमी आणि मजकूर आपला, असं असलं की साधी पत्रिकाही रिकामी वाटत नाही. बहिणीला विचारा, मोकळ्या जागेत तिचं स्वतःचं असं काय आहे?

वारली चित्रांचाही सध्या धडाका आहे. गोल धरून नाचणारी माणसं काढली की झालं. वारल्यांकडे लग्नाचा चौक असतो, भिंतीवर तो सुवासिनी काढतात, त्यात पालघाट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. घ्यायचंच असेल तर त्या समाजातल्या चित्रकाराकडून काढून घ्या, चार पैसे त्याला मिळू द्या. नेटवरून उचललेली ढोल-तारप्याची पट्टी कशाला?

---

करवली_सातारा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शाईवाला दादा, दोन पानांची कल्पना काल जेवताना मांडली. बाबांनी आधी विचारलं, "आतलं पान कोणी वाचेल का?" मग स्वतःच म्हणाले, ज्यांची नावं आहेत ते वाचतील. बहिणीने हातकागद सोडला, पण रंग सोडला नाही. गेरूच ठरलाय. किनारीला आईच्या पैठणीवरचा मुनिया, म्हणजे पोपट, घेतोय, एका रेघेत काढलेला, छोटा. (तिला बांगडी मोर नको, "सगळ्यांच्या पत्रिकेवर तोच असतो".)

डिझायनरला कंपोझरचं सांगितलं. "श्री" जागेवर आली!

आता खरी अडचण, जी मी आधी लिहायची टाळली. आमची मोठी काकू. काका जाऊन चार वर्षं झाली. बहिणीला लहानपणी तिनेच सांभाळलं. बहिणीचं म्हणणं, निमंत्रकांत पहिलं नाव काकूचं. घरातलं एक ज्येष्ठ माणूस म्हणतंय की शुभकार्याच्या पत्रिकेत असं नाव पहिलं नसतं. काकू स्वतः म्हणते, माझ्यावरून वाद नको, नाव नका घालू. कोणी असं केलंय का? नाव कसं लिहिलंत?

---

मावशी_नागपूर

घाला. पहिलंच घाला. "श्रीमती" लिहा आणि पुढे नाव, बस. "कै. अमुक यांच्या पत्नी" असलं काही नको.

---

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरकडची. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ज्येष्ठांशी बोलताना हे उपयोगी पडतं, कारण "आजकालच्या मुलींचं खूळ" असं म्हणता येत नाही, गावच्या पंचायतीने केलंय.

माझ्या दिराच्या लग्नात सासूबाईंचं नाव असंच घातलं. आम्ही युक्ती केली. निमंत्रकांची यादी वयाने लावली आणि खाली तसं कुठे लिहिलं नाही. त्या सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे आपोआप पहिल्या. कोणाला आडवं यायला जागाच उरली नाही. पत्रिकेवर ठीक आहे, पण पत्रिका द्यायला जाताना आणि हळदीकुंकू लावतानाही त्यांना बरोबर घ्या. नुसतं छापून त्यांना मागच्या खोलीत बसवलं तर काय उपयोग?

---

आण्णा_मिरज

वयाने लावा. बरोबर आहे. माझ्या पत्रिकेला हळदीकुंकू काकूंच्याच हातचं पाठवा.

---

शाईवाला

हळदीकुंकवाचा विषय निघाला म्हणून. गेरू रंगाच्या कागदावर कुंकू दिसणारच नाही आणि ओलं बोट लावलं तर कागद फुगतो. पाकीट पांढरं किंवा हळदी रंगाचं घ्या, चारही कोपरे कोरे ठेवा, हळदीकुंकू त्यावर कोरडं लावा. पत्रिकेला मॅट लॅमिनेशन करू नका, त्यावर ते धरत नाही, हाताला लागतं.

आणि ऑर्डर दिवाळीआधी द्या. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे कॅलेंडरं आणि अंकांची गर्दी असते, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची. मधे सापडलात तर प्रूफ बघायला कुणाला वेळ नसतो.

प्रूफ कागदावरच मागवा, फोनवर नको. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं. तारीख, वार, तिथी आणि शके १९४८ कॅलेंडरशी ताडून घ्या. मुहूर्ताचा आकडा गुरुजींनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून, आठवणीने नाही. नावं बाबांकडून, मुलाकडची नावं मुलाच्या आईकडून.

---

करवली_सातारा

वयाने लावतोय. काकू अजून "बघू" म्हणतेय, पण काल पाकिटांचे नमुने तिनेच निवडले, हळदी रंगाचे.

शाईवाला दादा, साडेतीनशे पत्रिकांना पाकिटं किती जास्तीची घेऊ? पत्ते हाताने लिहायचेत आणि लिहिणारे माझे बाबा आहेत.

---

शाईवाला

पन्नास घ्या. आणि बाबांना जेल पेन देऊ नका, हळदी पाकिटावर पसरतं. साधं काळं बॉलपेन.