सोलापुरात विष्ठेची बँक हवी की नको? शहराच्या तीन भागांतल्या तिघांचा वाद, नावांऐवजी भाग दिलेत.

सात रस्ता: अँटिबायोटिकनं आतड्यातले उपयोगी जिवाणू मेले की सी. डिफ हा जुलाब करणारा जिवाणू माजतो. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकनं तो दबतो, पण गोळ्या संपल्या की काहींचे जुलाब पुन्हा सुरू. अशांना निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण आतड्यात सोडणं हा सिद्ध उपचार आहे. २०१३च्या डच चाचणीत पहिल्याच मात्रेत १६पैकी १३ जण बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर १३पैकी ४. धाराशिव, कलबुर्गीचे पेशंट सोलापुरातच येतात, मग असं द्रावण साठवणारी बँक इथंच हवी. कृती अवघड नाही: ५० ग्रॅम विष्ठा, १५० मिली सलाइन, घोटून गाळायचं, १० टक्के ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवायचं.

होटगी रोड: पूर्ण विरोध. घोटणं सोपं आहे, दाता मिळणं नाही. २०१९मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन पेशंटना ईएसबीएलवाला (अनेक अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम बनवणारा) ई. कोलाय जंतू गेला आणि एक दगावला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती, आणि त्या विष्ठेची ही तपासणीच झालेली नव्हती. आपल्याकडे तर धडधाकट माणसाच्या पोटातही हा जंतू सर्रास सापडतो. शिवाय दात्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, जिआर्डिया, जंतांची अंडी, नोरोव्हायरस यांचीही तपासणी हवी. दान घेतल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, तोवर साठा कुलपात. मे महिन्यात वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला तर सगळा साठा टाकून द्यावा लागेल.

बाळीवेस: दोघंही निदानाचं बोलत नाही. पीसीआर ही जनुकं शोधणारी चाचणी फक्त सी. डिफच्या विषाचा जीन दाखवते, विष तयार होतंय की नाही ते नाही. जंतू नुसता वस्तीला असला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. विषाची स्वतंत्र चाचणी हवी, आणि नमुना डबीचा आकार घेईल इतका पातळ हवा. घट्ट शौच आलं तर लॅबनं परत पाठवावं. नाहीतर जुलाब वेगळ्याच कारणाचे आणि उपचार सी. डिफचा, असं होईल.

सात रस्ता: बाळीवेस, शंभर टक्के मान्य. होटगी रोड, दाते कमी मिळतील हेही मान्य. पण एक पक्का दाता मिळाला तरी त्याच्या अनेक मात्रा साठतात. माझी काळजी वितळवण्याची आहे. घाईत उकळतं पाणी वापरलं तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच जिवाणू मरतात. ३७ अंशांचं वॉटर बाथ, सहा तासांत वापर, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. व्हँकोमायसिन एक-दोन दिवस आधी बंद, नाहीतर तेच औषध नवे जिवाणू मारतं.

होटगी रोड: त्यापेक्षा एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या, दात्याच्या विष्ठेपासून बनवलेल्या कॅप्सूलची वाट धरा. रोज चार, तीन दिवस. चाचणीत आठ आठवड्यांत १२ टक्के पेशंटना आजार उलटला, प्लासिबोवर (औषध नसलेल्या कॅप्सूलवर) ४० टक्के. इथेनॉलनं बाकीचे जिवाणू मारून फक्त बीजाणू (काही जिवाणूंचं टणक, सुप्त रूप) ठेवतात, त्यामुळं ई. कोलायची भीती फार कमी.

सात रस्ता: मान्यता तिकडची, पेशंट इकडचा! शिवाय त्या कॅप्सूललाही विष्ठा दात्याचीच लागते, चाळणी तिथंही चुकत नाही.

बाळीवेस: मग चाळणीपासूनच सुरू करा. आधी दात्यांच्या विष्ठेचं ईएसबीएल कल्चर (जंतू वाढवून बघणं) करा, त्यात किती टिकतात ते बघा. फ्रीझरची ऑर्डर त्यानंतर.

होटगी रोड: एवढ्याला माझी हरकत नाही. पण केमो चालू असलेला किंवा किडनी बदललेला पेशंट पहिल्या यादीत घेऊ नका.